उपजत बुद्धीचा टक्का

नमस्कार श्रोतेहो.

दहावी-बारावीचा निकाल लागला की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'हुशारी उपजतच असावी लागते.' आता त्याच्या जोडीला एक आकडाही आला आहे: बुद्धिमत्ता पन्नास टक्के आनुवंशिक असते. आकडा खोटा नाही, पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो आणि त्याचा भुर्दंड मुलांना बसतो. म्हणून आज हा आकडा निघतो कसा, तेच पाहू.

तो मुख्यतः जुळ्यांवरून काढतात. एकाच फलित बीजांडातून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात. दोन बीजांडांतून झालेल्या जुळ्यांमध्ये मात्र इतर सख्ख्या भावंडांइतकंच साम्य असतं, म्हणजे सरासरी निम्मं. 1981 साली बुशार्ड आणि मॅक्ग्यू या मानसशास्त्रज्ञांनी शंभराहून जास्त अभ्यास एकत्र केले. एकाच घरात वाढलेल्या जुळ्यांच्या बुद्ध्यंकांतला सहसंबंध, म्हणजे दोघांचे आकडे किती जुळतात याचं माप (1 म्हणजे पूर्ण जुळणी), पहिल्या प्रकारात 0.86 निघाला, दुसऱ्यात 0.60. वजाबाकी 0.26. दोन्ही प्रकारांच्या जनुकसाम्यात निम्म्याचाच फरक आहे, म्हणून तिची दुप्पट: 0.52. झाले बावन्न टक्के.

हे बावन्न टक्के तुमच्या मुलाच्या बुद्धीचे नाहीत. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्या फरकातला एवढा वाटा जनुकांतल्या फरकाचा, इतकंच तो आकडा सांगतो. तोही त्या लोकांपुरता आणि त्या परिस्थितीपुरता.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना हे चटकन पटेल. थॉमसन या वाणाचा एक प्लॉट घ्या. डॉगरिज खुंटावर, म्हणजे मुळांसाठी वापरतात त्या वेलीवर, कलमं बांधलेली, सगळ्या वेली बीपासून नव्हे तर काडीपासून काडी अशा आलेल्या, त्यामुळे जनुकांनी एकच. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, घडात साखर भरली की रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली गोडी मोजायचं यंत्र, लावा. समजा एका वेलीवर गोडी 19 ब्रिक्स (गोडीचं माप) आली आणि कडेच्या वेलीवर 16. हा फरक पाण्याचा, जमिनीतल्या चुनखडीचा, वेलीवर राखलेल्या घडांच्या संख्येचा. जनुकांचा त्यात वाटा नाही, म्हणून आनुवंशिकतेचा टक्का शून्य. पण द्राक्षाची गोडी वाणावर अवलंबून नसते, असं कुणी बागायतदार म्हणेल का? आता उलटं करा. संकर करून मिळालेल्या बियांची रोपं लावा आणि सगळ्यांना माती, पाणी, खत अगदी सारखं द्या. आता दिसेल तो फरक बहुतेक जनुकांचाच. पीक तेच, टक्का मात्र शून्यावरून शंभराकडे गेला.

माणसांतही हे घडतं. अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांच्या 2003 मधल्या एका अभ्यासात सुस्थितीतल्या घरांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला, अगदी गरीब घरांमध्ये जवळजवळ शून्य. पुढे 2016 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हा कल अमेरिकेत दिसला, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात दिसला नाही. तिथे चांगली शाळा आणि दवाखाना गरिबांनाही मिळतो, हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

दुसरी चूक याहून महागात पडते: आनुवंशिक म्हणजे अटळ, असं समजणं. फेनिलकीटोन्युरिया हा पूर्णपणे जनुकीय विकार आहे. बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात. त्यामुळे अन्नातल्या प्रथिनांमधला फेनिलॲलनिन हा घटक यकृतात मोडत नाही, रक्तात साचतो आणि वाढत्या मेंदूची हानी करतो. पण पहिल्या काही आठवड्यांतच मोजूनमापून कमी फेनिलॲलनिनचा आहार सुरू केला, तर मुलाची बुद्धी जवळपास सर्वसाधारण राहते. उशीर झाला तर झालेली हानी भरून निघत नाही. निदानाला टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब पुरतात, आणि त्याच रक्तावरून थायरॉइडची जन्मजात कमतरताही कळते. ती याहून बऱ्याच जास्त बाळांत आढळते आणि तिच्यावर रोजच्या गोळीचा उपाय आहे. आपल्याकडे सगळ्याच प्रसूतिगृहांत ही तपासणी आपोआप होत नाही. तेव्हा बाळ दोन-तीन दिवसांचं असताना डॉक्टरांना ती आवर्जून करायला सांगा.

पैसे खर्च करायचे तर इथे करा. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्यांवर मुळीच नको. बोटांवरच्या रेषा गर्भातच, चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत, पक्क्या होतात. एकसारख्या जुळ्यांचेही ठसे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांवरून बुद्धी ओळखता येते याला कसलाही शास्त्रीय आधार नाही.

बुद्धीचाच एक भाग म्हणजे तर्क. तोही परिस्थितीप्रमाणे कसा बदलतो ते आता पाहू; त्याच्या कारणांत उत्क्रांतीचा संबंध येतो. कागद-पेन्सिल घ्या. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. दिसतंय ते असं: अ, क, 4, 7. नियम असा: एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम खरा आहे का हे तपासायला कोणते पत्ते उलटणं भाग आहे?

बरेच जण 'अ आणि 4' म्हणतात. बरोबर उत्तर 'अ आणि 7'. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1966 मध्ये असं कोडं मांडलं, आणि साधारणपणे दहातला एकही ते बरोबर सोडवत नाही.

तेच कोडं निमाणीहून नाशिकरोडला जाणाऱ्या बसमध्ये बसवा. नियम: सवलतीचं तिकीट असेल, तर विद्यार्थ्याचं ओळखपत्र हवं. एकाच्या हातात सवलतीचं तिकीट, दुसऱ्याच्या हातात पूर्ण भाड्याचं. तिसऱ्याने ओळखपत्र दाखवलं, चौथा म्हणतो माझ्याकडे नाही. तपासायचं कुणाला? पहिल्याला आणि चौथ्याला, हे बहुतेकांना लगेच सुचतं. तर्क मात्र अगदी तोच.

मानसशास्त्रज्ञ लेडा कॉस्मिडिस यांनी 1989 मध्ये याचा अर्थ असा लावला की, देवाणघेवाणीवर जगणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या मनात फसवणूक हेरण्याची खास यंत्रणा घडत गेली. सगळ्यांना हे मान्य नाही. काहींच्या मते 'हवं', 'चालणार नाही' अशा शब्दांमुळे नियम मोडणारा कोण, हे आपोआप डोळ्यांसमोर येतं. मला दुसरं म्हणणं पुराव्याच्या जास्त जवळचं वाटतं. पण कागदावर अडलेलं मूल बसमध्ये अडत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

म्हणून शिक्षकांनो, पालकांनो, असं करून पाहा. आधी पत्ते द्या आणि उत्तर लिहून घ्या. मग बसचं कोडं घाला. तिसऱ्यांदा पुन्हा पत्ते द्या आणि एकच प्रश्न विचारा: 'नियम मोडणारा कुठे लपला असेल?' बसचं उत्तर आलं म्हणजे पत्त्यांचंही येईल, असं धरून चालू नका. मुलं दोन्ही कोडी सुटी ठेवतात. अ म्हणजे सवलतीचं तिकीट आणि 7 म्हणजे ओळखपत्र नसलेला प्रवासी, ही जोडी त्यांच्याकडूनच वहीत शेजारी-शेजारी लिहून घ्या. मग स्वर आणि सम अंक बाजूला ठेवून त्यांनाच एक नवा नियम आणि चार नवे पत्ते तयार करायला सांगा.