आधी सातबारा, मग ठिबक

नमस्कार श्रोतेहो. दोन-अडीच एकर रान, विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी आणि शेतीत उतरायला तयार झालेला घरातला मुलगा किंवा मुलगी. आपल्या सोलापूर जिल्ह्यात सांगोला, मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, कुठल्याही तालुक्यात अशी घरं गावोगाव सापडतील. आजचं बोलणं त्यांच्यासाठी. योजनांची यादी मी वाचून दाखवणार नाही, ती पंचायतीच्या भिंतीवर लावलेली असते. अर्ज कुठे अडतो आणि पैसा कुठे गळतो, तेवढं बघू.

पहिला अडतो तो सातबारा. शेती नातू करतो, उताऱ्यावर नाव आजोबांचं, आणि आजोबा जाऊन आठ वर्षं झालेली. अशा जमिनीवर ना पीककर्ज मिळत, ना ठिबकचं अनुदान. वारस नोंदीची वर्दी खरं तर 3 महिन्यांत द्यायची असते. राहिली असेल तर आता द्या. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा. त्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असं झालंय, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे उताऱ्यातल्या बदलाची नोंद, प्रमाणित करतात. अर्जात बहिणींची नावं गाळू नका. गाळली की हरकत येते आणि फेरफार तक्रारीत अडकतो. चुलत्यांसोबत खातं सामाईक असेल, तर जवळजवळ प्रत्येक अर्जाला बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. सगळे राजी असतील, तर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम 85 नुसार वाटप करून घ्या, म्हणजे दर वेळी सह्यांसाठी दारोदार फिरावं लागत नाही.

दुसरी अडचण नावाची. सातबाऱ्यावर ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’, बँकेच्या पासबुकात आणखी तिसरंच काहीतरी. घरच्यांना माणूस एकच असतो, संगणकाला तीन दिसतात. 2025 पासून राज्याच्या कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो काढतानाच ही गाठ बसते. जुना हस्तलिखित फेरफार काढून बघा. त्यात नाव बरोबर असेल आणि संगणकीय उताऱ्यावर चुकलं असेल, तर तहसीलदारांकडे कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज चालतो. फेरफारातच ‘बाळू’ असेल, तर मात्र आधारवरचं नाव बदलणं सोपं की महसुली नोंद, हे आधी तलाठ्याला विचारा. शेवटी तिन्ही ठिकाणी एकच नाव हवं.

आता ठिबक. 2 हेक्टरपर्यंत, म्हणजे 5 एकरांच्या आत जमीन असेल, तर केंद्राचे 55 टक्के आणि राज्याचे पूरक 25 टक्के मिळून 80 टक्के अनुदान बसतं. त्यावरच्या शेतकऱ्याला 75. हे टक्के दुकानदाराच्या बिलावर मोजत नाहीत, सरकारनं ठरवलेल्या खर्च मापदंडावर मोजतात. बिल मापदंडापेक्षा जास्त झालं, तर वरचा भार सगळा तुमचा. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. पूर्वी लॉटरी निघायची, आता जो आधी अर्ज करील त्याचा नंबर आधी, म्हणून पोर्टल उघडलेलं दिसलं की थांबू नका.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो कृषी खात्याच्या पूर्वसंमतीच्या आधी खरेदी केल्यानं. विक्रेता म्हणतो, ‘पाइप टाकून घ्या, अनुदान येईल मागून.’ बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली की अर्ज बाद. पूर्वसंमती हातात, मग खरेदी, मग बिल अपलोड, मग मोका तपासणी. हा क्रम मोडायचा नाही.

एक एकर डाळिंबाचा हिशेब धरू. दोन ओळींत साडेचार मीटर आणि दोन झाडांत 3 मीटर अंतर ठेवलं, तर एकरी 300 झाडं बसतात. ओळीला दोन्ही बाजूंनी लॅटरल, म्हणजे ड्रिपरची नळी टाकली, तर 16 मिलिमीटरची नळी साधारण 1,800 मीटर लागते. ताशी 4 लिटरचे चार ड्रिपर झाडाला दिले, तर दोन तासांत 32 लिटर पाणी मिळतं, आणि अख्ख्या एकराला तासाला 4,800 लिटर. विहिरीचा उपसा तासाला किती, ते लोखंडी टाकी किंवा मोजका हौद भरून आधीच बघा. मोटार किती एचपीची आहे यावरून पाण्याचा अंदाज बांधू नका.

आपल्याकडचं बरंचसं पाणी जड आहे. दोन वर्षांनी ड्रिपर कापून बघा, आत पांढरा क्षार थरावर थर बसलेला दिसेल. बाहेरून नळी ओली दिसते, शेंड्याकडची झाडं मात्र सुकत जातात. बोअरच्या पाण्याला जाळीचा फिल्टर पुरतो. शेततळं किंवा कालव्याच्या पाण्यात शेवाळ असतं, तिथे वाळूचा फिल्टर लागतोच. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबमापकांत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला, की उलट्या प्रवाहानं फिल्टर धुवा. पंधरवड्यातून एकदा लॅटरलची शेवटची टोकं सोडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. क्षार जास्त असतील तर आम्ल प्रक्रिया करा. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू (पीएच) कागदावर 4 च्या आसपास येईपर्यंत आम्ल सोडायचं, मोटार बंद करून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी नळ्या धुवून काढायच्या. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच.

बागेचा खर्च भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून मिळू शकतो. आपल्या भागात त्यासाठी किमान अर्धा एकर म्हणजे 0.20 हेक्टर क्षेत्र लागतं. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं येतं. दुसऱ्या वर्षी 80 आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के झाडं जिवंत लागतात, म्हणून नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, वेळेवर भरा. भारी काळ्या रानात, पाणी साचतं तिथे डाळिंब लावू नका, मर लागते. रोपं कुठल्या बागेच्या गुट्यांची, म्हणजे फांदीला मुळं फोडून केलेल्या कलमांची आहेत, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. तेल्या रोग रोपाबरोबरच घरी येतो. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन माती आणि रोपांबद्दल विचारून घ्या, सोलापुरात राहून ती सोय वापरत नाही असं होऊ नये. आणि माझं मत विचाराल तर दोन्ही एकर डाळिंबाला देऊ नका. एकात मालदांडी राहू द्या. एकरी 4 किलो बियाणं, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी. घरची भाकरी सुटते आणि जनावराला कडबाही होतो.

पैशाचं थोडक्यात. दीड लाखाचं पीककर्ज 7 टक्क्यांवर मिळतं, ठरल्या मुदतीत फेडलं तर केंद्राची 3 टक्के सूट लागून 4 टक्के पडतं, म्हणजे वर्षाला 6,000 रुपये. राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना 3 लाखांपर्यंत तेही शून्यावर आणते. सावकार शेकडा 3 रुपये महिन्यानं देतो, तेच दीड लाख त्याच्याकडे वर्षाला 54,000 व्याज खातात. मुदत चुकली की सवलत जाते, म्हणून फेडीची तारीख दाराच्या मागे खडूनं लिहून ठेवा. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला जमीन गहाण किंवा तारण लागत नाही. बँकेनं मागितलं, तर हा नियम सांगा.

ज्या घरात ज्वारी आणि शेंगदाणा पिकतो, तिथल्या तरुणांनी आणि बचत गटांनी कडक भाकरी आणि शेंगा चटणीकडे बघावं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान असतं आणि स्वतःचे किमान 10 टक्के घालावे लागतात. 4 लाखांची भाकरी यंत्रं आणि पॅकिंग घेतलं, तर अनुदान 1 लाख 40 हजार. ते हातात येत नाही, कर्जखात्याजवळ बाजूला ठेवलं जातं आणि खातं नियमित राहिलं तर 3 वर्षांनी वळतं होतं. हे माहीत नसल्यानं पुष्कळ जण अनुदानाची रक्कम आधीच खर्चात धरतात आणि पहिल्याच हप्त्याला अडखळतात. प्रकल्प अहवाल करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते, तिची फी सरकार देतं. माल मात्र तुम्हालाच सांभाळायचाय. भाकरी पूर्ण गार होण्याआधी पिशवीत भरली की आत वाफ धरते आणि ती सादळते. शेंगदाणे नीट निवडले नाहीत, तर चटणी खवट होते. म्हणून पहिल्या 50 पिशव्या तयार झाल्या की त्यातल्या पाच बाजूला ठेवा, दर आठवड्याला एक उघडून चव बघा, आणि त्यावरूनच ‘या तारखेपर्यंत वापरा’ हे पिशवीवर छापायचं ठरवा.