साडेतीन डिग्रीची खरखर

नमस्कार मंडळी. जुन्या अँटेनावाल्या टीव्हीवर चॅनल लागलं नाही की मुंग्या यायच्या आणि खर्रर्र आवाज, आठवतंय? त्या मुंग्यांतली शंभरात एखादी थेट विश्वाच्या लहानपणातून आलेली असायची, आणि आपण काय करायचो तर उठून अँटेना फिरवायचो.

आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन या दोन रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनीही आधी तेच केलं. १९६४ साल, अमेरिकेत न्यू जर्सीतलं होल्मडेल, बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेचा वीस फुटी भोंगा, म्हणजे भोंग्याच्या आकाराचा अँटेना, मूळचा सॅटेलाइटसाठी बांधलेला. यांना त्यावर आकाशगंगेतल्या रेडिओ लहरी मोजायच्या होत्या, म्हणून आधी यंत्राची स्वतःची खरखर किती ते काढायला बसले आणि तिथेच अडकले, कारण सगळं वजा केलं तरी साडेतीन केल्विन उरायचेच (रेडिओत खरखर तापमानात मोजतात, आणि केल्विन म्हणजे उणे २७३ सेल्सिअसपासून मोजलेले अंश), भोंगा कुठेही वळवा, दिवस असो की रात्र. भोंग्यात कबुतरांची जोडी राहायची, ती पकडून लांब पाठवली तर परत आली, शिट साफ केली, सांध्यांवर अॅल्युमिनियमची टेप मारली, तरी फरक जवळजवळ शून्य.

कबुतरं सगळेच सांगतात. मला भारी वाटतं ते वेगळंच. त्यांनी द्रव हेलियमने गार केलेला एक भाग बनवला होता, ज्याचं तापमान पक्कं माहीत, आणि स्विच इकडून तिकडे करत भोंग्याचा सिग्नल त्याच्याशी ताडून बघायचे. तो नसता तर ‘मशीनचंच असेल’ म्हणून सोडून दिलं असतं ना!

तिकडे जवळच प्रिन्स्टनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकींची टीम विश्वाच्या लहानपणाचा नेमका हाच सिग्नल शोधायला यंत्र जोडत होती, पेन्झियासचा फोन आला आणि कळलं की बाजी गेली. १९७८ ला पेन्झियास-विल्सनना नोबेल. आल्फर आणि हर्मन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४८ मध्येच हा सिग्नल सुमारे ५ केल्विनचा असेल असं लिहून ठेवलं होतं, त्यांना काहीच नाही, हे मला आजही खटकतं.

तर ही खरखर म्हणजे काय, विश्व साधारण ३,८०,००० वर्षांचं असताना ते ३००० केल्विनपर्यंत निवलं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बसले आणि प्रकाशाची वाट मोकळी झाली, पुढे विश्व अकराशे पट ताणलं गेलं तसा तो प्रकाशही ताणला, म्हणून आज फक्त २.७२५ केल्विन. १९८९ ला हाच प्रकाश मोजायला कोबे उपग्रह गेला, कुठल्या तरंगलांबीला तो किती तेजस्वी याचा आलेख त्या मोहिमेतल्या जॉन मॅथर यांनी १९९० च्या जानेवारीत दाखवला तर मोजमापं थिअरीच्या रेषेवर अशी बसलेली की हॉलमधले शास्त्रज्ञ उठून टाळ्या वाजवायला लागले. मग १९९२ ला त्याच्या तापमानात लाखात एक एवढे बारीक चढउतार सापडले, पुढे त्यांच्यातूनच आकाशगंगा घडल्या.

आणि २०१४ ला दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप २ या दुर्बिणीवाल्यांनी याच प्रकाशात आदिम गुरुत्वीय लहरींची, म्हणजे विश्वाच्या जन्मावेळी अवकाशातच उठलेल्या लाटांची, खूण सापडल्याचं जाहीर केलं, नंतर तपासलं तर ती बहुतेक आपल्याच आकाशगंगेतली धूळ निघाली. यांची कबुतरं जरा मोठीच होती म्हणायची.