ग्रुपवर कापसाचा भाव कसा चढतो?

राजेहो, नमस्कार! वेचणी सुरू झाली की ग्रुपवर एक मेसेज फिरतोच: ‘कापूस क्विंटलला दहा हजार पार, विकू नका!’ आज भाव सांगत नाही. हा मेसेज आपल्याला पटतो कसा, ते पाहू.

तोच मेसेज कास्तकारांच्या ग्रुपवर येतो, सोयऱ्यांच्या येतो, शाळेतल्या दोस्तांच्याही येतो. वाटतं, तिघांनी सांगितलं. सांगणारा मात्र एकच, अन् तो कोण हेही ठाऊक नाही. पुन्हापुन्हा ऐकलेलं खरं वाटू लागतं, हे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्येच प्रयोगातून दाखवलंय.

मेसेजवर दोन बाण दिसले, की तो निदान पाच हातांतून फिरून आलाय. एप्रिल 2020 पासून असा मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवू देतं. पण कॉपी-पेस्ट केला, की बाण गायब.

खरी गोम पुढे आहे. सात हजारांनं कापूस देऊन मोकळा झालेला कास्तकार ग्रुपवर चूप असतो, लोक हसतील म्हणून. थांबलेला रोज लिहितो, कारण त्याला सोबत हवी असते. दोनशेंच्या ग्रुपवर दहा जण बोलतात आणि ‘सारं गाव थांबलं’ असं वाटायला लागतं. 2022 च्या सुरुवातीला भाव खरंच दहा हजारांवर गेला होता. त्या आशेवर पुढच्या हंगामात अनेकांनी घर भरून कापूस ठेवला. भाव उतरत गेला, अन् अंगाला खाज सुटली ते वेगळंच.

यूट्यूबवरही तेच. तेजीचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की तसलेच पुढ्यात येतात.

(स्क्रीनवर: ‘आजचा भाव 60,000’)

हा आकडा खोटा नसेलही, पण तो कापसाचा नाही. तो रुईच्या खंडीचा आहे. रुई म्हणजे जिनिंगमध्ये सरकी (कापसाचं बी) वेगळी काढल्यावर उरलेला कापूस. खंडी म्हणजे 356 किलो रुई. क्विंटलभर कापसातून 33 ते 35 किलो रुई निघते, म्हणजे एका खंडीला साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो. सरकीचे पैसे वेगळे, जिनिंगचा खर्च वेगळा.

दुसरी चलाखी पावतीच्या फोटोची. हर्रासात, म्हणजे लिलावात, एखाद्याच ढेरीला मिळालेला कमाल दर सगळ्या बाजाराचा म्हणून फिरतो. कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर हिंगणघाट काढा, अकोट काढा. आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर दिसतील. पाहायचा तो सर्वसाधारण. फोटोवर तारीख नसेल तर तो गेल्या वर्षीचाही असू शकतो.

ओलावाही विचारा. सीसीआय, म्हणजे सरकारचं भारतीय कापूस महामंडळ, 8 टक्क्यांच्या वर पैसे कापतं आणि 12 च्या वर माल घेतच नाही.

ॲडमिनभाऊ, ग्रुपच्या माहितीत एवढं लिहून ठेवा: भाव टाकताना बाजार समिती, तारीख, ओलावा, आवक आणि सर्वसाधारण दर हवाच. ज्यानं विकला त्यानं पट्टीचा (विक्रीच्या पावतीचा) फोटो टाकावा, फक्त नाव अन् खाते क्रमांक झाकून.