कारवीचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण कारवीविषयी बोलणार आहोत. सह्याद्रीच्या उतारांवर माणसाच्या डोक्याच्याही वर जाणारे हे झुडूप आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. पावसाळ्यात ते खरखरीत, हिरव्यागार पानांनी भरलेले असते, उन्हाळ्यात त्याच्या नुसत्या काठ्या उरतात, आणि सात-आठ वर्षांतून एकदा सगळा उतार निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून जातो. त्यानंतर ती झुडपे मरतात. हे मी पुन्हा सांगते, कारण पुढचे सारे यावरच उभे आहे: कारवी आयुष्यात एकदाच फुलते आणि फुलल्यावर मरते.

एखाद्या ठिकाणी एकाच जातीचे जेवढे जीव नांदत असतात, त्या सर्वांना मिळून जीवसंख्या असे म्हणतात. जन्माने आणि बाहेरून येणाऱ्यांमुळे ती वाढते. मृत्यूने आणि निघून जाणाऱ्यांमुळे ती घटते. मात्र नुसती बेरीज-वजाबाकी करून जातीचा स्वभाव कळत नाही. कोणत्या वयात संतती होते, एका वेळी किती होते, आयुष्यात किती वेळा होते आणि त्यातली किती जगते, या सगळ्याला त्या जातीचा जीवनक्रम म्हणतात. आपल्या परसातला नारळ वर्षानुवर्षे फळे देत राहतो आणि शेतातला भात एका हंगामात दाणे भरून वाळून जातो. कारवी या दोघांच्या मधली आहे: ती वाढते नारळासारखी वर्षानुवर्षे, आणि मरते भातासारखी, दाणे भरल्यावर.

१९५४ साली लॅमाँट कोल या अमेरिकी शास्त्रज्ञाने एक गणित मांडले. एका वर्षात बी धरून मरणाऱ्या वनस्पतीने आपल्या बियांमध्ये केवळ एका बीची भर घातली, तर तिची संख्या कधीही न मरता दरवर्षी बी देणाऱ्या वनस्पतीइतक्याच वेगाने वाढते, असे ते गणित सांगते. मग अमरत्वाची किंमत एक बी, असे म्हणायचे का? तसे म्हणता येत नाही, कारण या गणितात प्रत्येक बी जगते असे धरलेले आहे, आणि जंगलात तसे कधीच होत नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होते; समजले मात्र एका आजींच्या ओसरीवर बसल्यावर.

त्या वेळी मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. अकोले तालुक्यातल्या एका वाडीच्या वरच्या उतारावर आदल्या सप्टेंबरात कारवी फुलली होती. ती फुले आम्ही जवळून पाहिली होती; फुलोऱ्याच्या दांड्याला हात लावला की बोटे चिकट होत आणि तो उग्र वास संध्याकाळपर्यंत हाताला राहत असे. पुढच्या जूनमध्ये मी सहा विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा तिथे गेले. आम्ही आजींच्या घरी उतरलो. दुसऱ्या रात्री पहिला मोठा पाऊस आला, आणि सर थांबल्यावर डोंगराच्या बाजूने तडतड असा आवाज सुरू झाला, जणू चुलीवरच्या कढईत कोणी ज्वारीच्या लाह्या फोडत होते. मुले घाबरून उठली. आजी अंधारातच म्हणाल्या, "निजा रे पोरांनो, कारवी बी उडवतीया." उन्हाळाभर वाळलेली बोंडे ओल लागताच फुटतात आणि त्यांतले बी दूर फेकले जाते. आम्ही कोणीच निजलो नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा जाऊन आम्ही एक हात लांब आणि एक हात रुंद असा चौकोन दोरीने आखला, चार कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि आतली रोपे मोजायला बसलो. ती इतकी दाट होती की दोघांनी मोजले तर दोघांचे आकडे जुळत नसत. शेवटी एक मुलगी प्रत्येक मोजलेल्या रोपाशेजारी खडा ठेवू लागली, तेव्हा कोठे हिशेब लागला. आजी भाकरीचे फडके घेऊन वर आल्या आणि आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, हे तर भाताचं आवण झालं. आवणातलं रोप आपण उपटून लांब लांब लावतो. कारवीचं कोण लावील? ज्याला जागा गावली, ते राहील."

श्रोतेहो, जीवसंख्येच्या अभ्यासातले निम्मे शास्त्र या बोलण्यात आहे. एका जागेला किती जीव पोसता येतात याला एक मर्यादा असते, तिला धारणक्षमता म्हणतात, आणि ती मर्यादा माती, पाणी, ऊन अशा साध्या गोष्टी ठरवतात. आम्ही त्या चौकोनाकडे दर पावसाळ्यात जात राहिलो. दुसऱ्या वर्षी रोपे निम्म्याहूनही कमी झाली होती. तिसऱ्या वर्षी बोटाएवढ्या जाडीची मोजकी खोडे उरली होती आणि त्यांच्या सावलीत वाळलेल्या रोपांच्या काड्या पडल्या होत्या. मृत्यूचे मोठे प्रमाण लहान वयात होते. एकदा जागा धरलेले झुडूप सहसा मरत नव्हते. कोलच्या गणितात हे धरलेले नव्हते.

चौथ्या वर्षी एक वेगळाच प्रकार घडला. वाडीच्या वाटेवर, बांधाच्या कडेला, एकच झुडूप फुलले. बाकी सारा डोंगर हिरवा होता आणि हे एकटेच निळे. मुलांना फार आनंद झाला. आजींनी त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि म्हणाल्या, "ह्याचं काही राहायचं नाही. अख्ख्या डोंगरानं मिळून पंगत घातली, तर खाणाऱ्याचं पोट भरून वर उरतं. एकट्याच्या घरचं पंगतीला कुठं पुरतं?" पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्या झुडपाची बोंडे गोळा केली. बहुतेकांना किड्यांनी भोके पाडली होती आणि कित्येक कुरतडून रिकामी केलेली होती. धड बी शोधून काढावे लागत होते. ज्या वर्षी सगळा डोंगर फुलला होता, तेव्हाही किडे आणि उंदीर होतेच. परंतु त्यांनी खाऊन खाऊन किती खाल्ले असते? हे मी पुन्हा सांगते: एकदाच फुलणे परवडते, ते सर्वांनी एकाच वेळी फुलल्यामुळे परवडते.

त्याच संध्याकाळी आजींनी मला घराची भिंत दाखवली. कारवीच्या वाळलेल्या काठ्या उभ्या बांधून, त्यांवर शेण-मातीचा गिलावा देऊन केलेला तो कूड होता. फुलून मेलेली कारवी वाडीत उतरते आणि कुडाच्या जुन्या काठ्या बदलल्या जातात. दाराजवळचा भाग थोरल्याच्या जन्मानंतरच्या फुलोऱ्याचा होता, चुलीमागचा भाग धाकट्याच्या लग्नाच्या वेळच्या फुलोऱ्याचा होता. आजी आपले वय वर्षांत सांगत नसत. "सात फुलोरे पाहिले," असे सांगत. कुडाचे घर उन्हाळ्यात सिमेंटच्या घरापेक्षा गार राहते, आणि घरकुलांचे आराखडे करणाऱ्यांनी त्याचा गंभीरपणे विचार करायला हवा होता, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

पाठ्यपुस्तकांविषयीही एक सांगावेसे वाटते. जीवसंख्येच्या प्रकरणात आमच्या मुलांना कॅनडातील ससे आणि त्यांना खाणारी लिंक्स नावाची रानमांजरे यांचा आलेख देतात. तो आलेख चांगला आहे, पण पुण्या-नाशिकच्या मुलाने लिंक्स पाहिलेला नसतो. त्याच्या गावाबाहेरच्या डोंगरावर कारवी असते, आणि तिच्यासाठी एक दोरी व चार खुंट्या पुरतात.

हाच हिशेब बांबूही करतो. बांबू फुलायला इतकी वर्षे का थांबतो, याचे उत्तर १९७६ साली डॅनियल जॅन्झेन या शास्त्रज्ञाने आजींच्या पंगतीसारखेच दिले होते. मिझोराममधला मावताक जातीचा बांबू सुमारे ४८ वर्षांनी फुलतो आणि त्याला फळे इतकी येतात की उंदरांची संख्या भरमसाट वाढते. फळे संपली की तेच उंदीर भाताच्या शेतांत शिरतात. १९५९ मध्ये असा दुष्काळ पडला, तेव्हा मदतीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतून १९६१ साली मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष निघाला. पुढचा फुलोरा २००७ च्या सुमारास आला. अमेरिकेत सिकाडा नावाचे काही किडे १३ किंवा १७ वर्षे जमिनीखाली काढून एकदम कोट्यवधींच्या संख्येने बाहेर येतात, त्यामागेही हेच कारण सांगितले जाते.

यातून कारवीची एक मोठी अडचणही दिसते. उतारावरची जवळजवळ सगळी झुडपे एकाच वयाची असतात. आंब्याच्या राईतली चार झाडे गेली तरी लहानमोठी इतर झाडे मोहरतात. पण कारवीचा उतार सहाव्या वर्षी बंगल्यांसाठी मुळासकट खोदून काढला, तर तिथे फुलायला दुसऱ्या वयाचे कोणी शिल्लकच नसते. डोंगर विकत घेणारा माणूस मे महिन्यात तिथे येतो, त्याला वाळक्या काठ्या दिसतात, आणि तो म्हणतो की येथे काहीच नाही. माझी कळकळीची विनंती आहे की ग्रामपंचायतींनी आपापल्या डोंगरावरच्या शेवटच्या फुलोऱ्याचे साल लिहून ठेवावे. शाळेच्या भिंतीवर लिहिले तरी चालेल.

मुंबईजवळ बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली आणि २०२४ साली फुलली. त्या शेवटच्या फुलोऱ्याचे बी २०२५ च्या पावसात उडाले, आणि त्यातून उगवलेली रोपे आता एकमेकांना रेटत जागा धरत आहेत. त्यांची पाळी २०३२ साली येईल. आजींच्या वाडीवरच्या डोंगराचे साल वेगळे आहे. ते मी त्यांच्या दारावर खडूने लिहिले होते, आणि त्यांच्या सुनेने पुढच्या सारवणात तेवढी जागा सोडून बाकीचा कूड सारवला होता.

नमस्कार.