इलेक्ट्रिक गाडीचं स्टिअरिंग का थरथरतं?

श्रोतेहो, नमस्कार.

इलेक्ट्रिक गाडीचं स्टिअरिंग थरथरायला लागलं की पहिला संशय मोटरवर जातो. तो बहुतेकदा चुकीचा असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण १३ फेरे घेतं. मोटर मात्र गिअरमुळे त्याच्या नऊ-दहा पट, म्हणजे सव्वाशेच्या आसपास फिरते. मोटरचा दोष असलाच तर बारीक झिणझिण जाणवेल किंवा कर्कश आवाज येईल. हात हलवणारी ठळक थरथर चाकाच्या फेऱ्यातूनच येते. लेनची रेघ ओलांडताना क्षणभर थरथरत असेल, तर तो लेन सुटतेय हे सांगणारा गाडीचाच इशारा आहे, बिघाड नव्हे.

गॅरेजला जाण्याआधी एक गोष्ट नक्की करा: थरथर केव्हा येते? मोकळ्या, सरळ रस्त्यावर तीन वेळा तपासा. एकदा ठरावीक वेग कायम ठेवून, एकदा ॲक्सिलरेटर जोरात दाबून आणि एकदा ब्रेक लावून. हे उत्तर हातात नसताना सुटे भाग बदलत बसणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

आधी पहिला प्रकार. थरथर ८०-९० ला सुरू होते, ११० ला वाढते आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी राहते. असं असेल तर बहुधा चाकाचं बॅलन्सिंग, म्हणजे चाकाभोवती वजनाची सारखी वाटणी, बिघडलंय. रिमवर ३० ग्रॅमचा फरक क्षुल्लक वाटतो, पण १०० च्या वेगाला तोच चाकाला जवळपास चार किलोच्या जोराने, प्रत्येक फेऱ्यात एकदा, झटका देतो. वेग दुप्पट झाला की झटका चौपट. स्टिअरिंग हललं तर बहुधा पुढचं चाक, सीट आणि फ्लोअर हलला तर मागचं.

रिमच्या आतल्या बाजूला सुकलेला चिखल आहे का, चिकटवलेलं वजन गळून पडलंय का, हे बघा. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या टायरमध्ये आवाज कमी करायला फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. तो सुटला की आत सरकत राहतो, मग बॅलन्सिंगचं मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं आणि कितीही वजनं लावा, थरथर जात नाही. अशा वेळी टायर रिमवरून उतरवूनच फोम काढायचा किंवा नव्याने चिकटवायचा. आत ओतलेलं पंक्चर सीलंटही असाच घोळ घालतं.

बॅलन्सिंग ठीक असूनही हलतंय? मग हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, पृष्ठभाग बघा. गंजाचा पातळ थरही चाक तिरपं बसवतो. तारेच्या ब्रशने तो स्वच्छ करा. बाजारातून घेतलेला अलॉय रिम असेल तर त्याचं मधलं भोक हबपेक्षा मोठं नाही ना, हे तपासा. असेल तर योग्य मापाची रिंग घाला. नट आमनेसामने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. एअर गनने शेवटचा झटका नको. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. जड गाडी बरेच दिवस उभी असेल तर टायर एका जागी चपटा होतो. वीस-तीस मिनिटं चालवल्यावर थरथर गेली तर तो दोष नाही. न गेल्यास टायर बिघडलेला असू शकतो.

आता ब्रेकची थरथर. रिजनरेशनमुळे, म्हणजे मोटरच वीज तयार करत गाडी मंद करते म्हणून, ब्रेकच्या डिस्क फार कमी वापरल्या जातात, त्यांच्यावर गंज चढतो आणि जाडी असमान होते. एक सोपी परीक्षा आहे. फक्त ॲक्सिलरेटर सोडून रिजनरेशनने गाडी मंद करा. तेव्हा शांत आणि पेडल जोरात दाबल्यावर थरथर, तर डिस्क. दोन्ही वेळी थरथर, तर लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश आणि ड्राइव्ह शाफ्ट (मोटरचा जोर चाकाला देणारा दांडा) तपासा. गंज वरवरचा असेल तर रिजनरेशन सर्वांत कमी ठेवून ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावा, मध्ये डिस्क थंड होऊ द्या. तरीही थरथर राहिली तर डिस्कचा बारीक वाकडेपणा दाखवणाऱ्या डायल गेजने मोजून घ्या. डिस्क मॅन्युअलमधल्या मर्यादेहून जास्त वाकडी फिरत असेल तर ती दुरुस्त करा किंवा बदला.

फक्त जोर लावताना थरथर येत असेल तर बहुधा ड्राइव्ह शाफ्टचा मोटरकडचा सांधा, म्हणजे आतला सीव्ही जॉइंट, झिजलाय. मोटरचा पूर्ण जोर क्षणात येतो, त्यामुळे हा जॉइंट लवकर दमतो. त्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस उडालंय का, ते पाहा. शाफ्ट काढल्यावर हबचा नट नवाच घाला.

टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट, म्हणजे स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे सांधे, यांतला ढिलेपणा चाक उचलून, घड्याळातल्या ३ व ९, मग १२ व ६ च्या जागी धरून हलवल्यावर कळतो. जॅक मात्र मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा, बॅटरीच्या खोक्याखाली कधीच नाही. केशरी वायरींना हात नको, त्यांत जास्त दाबाची वीज असते. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, थरथर सहसा घालवत नाही, म्हणून ते सुरुवातीला करून पैसे घालवू नका. टाय रॉड बदलल्यावर मात्र ते करायलाच हवं.

आणि थरथर अचानक, कमी वेगालाच, जोरात सुरू झाली तर लगेच थांबा. नट ढिले किंवा टायरच्या कडेला फुगवटा दिसला तर पुढे चालवू नका. गाडी टोइंगच्या ट्रकवर पूर्ण चढवूनच न्यायला सांगा. मोटरशी जोडलेली चाकं रस्त्यावर फिरली की मोटर वीज तयार करते, आणि ओढताना तिचं नुकसान होऊ शकतं.