साका

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं हे स्वयंपाकघर. ओट्यावर किसणी, पातेलं आणि सातारी आलं. किसायला घेतलं की नाकाला झोंबतं. जरा वर बघा. छतावरचा तपकिरी डाग दिसला? त्याची गोष्ट पुढे येईल.

या काकू घरी जिंजर बिअर करतात, म्हणजे यीस्ट घालून फसफसवलेलं आल्याचं पेय. खरी बिअर परवान्याशिवाय करायची तर १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो. यीस्टचं वागणं मात्र दोन्हीकडे सारखंच. साखर खायची, गॅस सोडायचा आणि थोडं अल्कोहोलही. म्हणून बाटल्या दोन दिवसांत फ्रीजमध्ये जातात.

वरचं पेय हळूच ओतून झालंय. तळाशी बोटभर साका उरलाय. आपण तो मोरीत ओतला असता. काकू त्यात उकळून गार केलेलं पाणी घालतात, हलवतात आणि दहा मिनिटं थांबतात. आल्याचा चोथा जड, तो आधी बसतो. वरचं दुधाळ पाणी बरणीत. यीस्ट आहे ते त्यातच. बरणी फ्रीजमध्ये, झाकण सैल, कारण थंडीतही गॅस थोडा सुटतोच.

"विरजणच की हे," काकू म्हणतात. "फक्त संपलं तर शेजारी मागायची सोय नाही."

बिअरवाले पिढ्यान्‌पिढ्या मागच्या खेपेचं यीस्ट पुढच्या खेपेला वापरत आले. खोट एकच, त्यात भलतंसलतं यीस्ट शिरतं. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, ते याच दुखण्यावर. काकूंकडे नाक आहे. पावासारखा वास आला तर ठेवायचं, कुजका आला तर फेकायचं. पाच-सहा खेपांनंतर मात्र वास चांगला असला तरी नवी पुडी.

बरणी दोन-तीन आठवडे पडून असेल तर आदल्या रात्री वाटीभर कोमट साखरपाण्यात दोन चमचे यीस्ट. सकाळी फेस आला, म्हणजे जागं आहे. मग आलं-साखरेचं उकळलेलं पाणी पुरतं कोमट झाल्यावरच ते घालायचं. एकदा घाईत गरम पाण्यात घातलं, तर बाटल्या ढिम्म. सगळं मेलं होतं.

आता तो डाग. पहिल्या वर्षी काचेच्या बाटलीला घट्ट बूच लावून काकू कराडला लग्नाला गेल्या. तिसऱ्या दिवशी परतल्या, तर बाटलीची मान फ्रीजच्या मागे सापडली. तेव्हापासून प्लास्टिकच्याच बाटल्या. गॅस किती भरलाय ते दाबून बघता येतं.

काकू आत्ताही एक दाबून बघतायत. अंगठा अजून जरासा रुततोय.

"संध्याकाळी बघू."