हॅलो, मी विमानातनं बोलतोय

हा सोलापूरचा होटगी रोड. आपल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, इथं विमानतळाची धावपट्टी कित्येक वर्षांपासून होती पण रोजचं विमान काही येत नव्हतं. साखर कारखान्याची चिमणी आडवी येते म्हणून मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, शेवटी जून २०२३ मध्ये ती चिमणी पाडली, मग ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचं. आता आपल्याकडची अशी माणसं विमानात बसायला लागलीत ज्यांनी उभ्या आयुष्यात एसटी आणि सिद्धेश्वर एक्सप्रेस सोडून दुसरं काही धरलं नाही. मला याचा फार आनंद आहे. पण म्हणूनच आत्ता, सवयी पडायच्या आत, या व्हिडिओत एक विषय काढायचाय. विमानात फोनवर बोलू द्यावं का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. नेट द्या, मेसेज करू द्या, कॉल नको.

आता लोकांना वाटतं की फोन लावला की विमान पडेल. तसं नाहीये. अमेरिकेत १९९१ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने आकाशातनं मोबाईल लावायला बंदी घातली ती मुख्यतः खाली जमिनीवरच्या नेटवर्कसाठी. तुम्ही जुळे सोलापुरात उभं राहून फोन लावला तर तो आसपासचे दोन-चार टॉवर धरतो, मध्ये इमारती असतात, पुढचं काही त्याला दिसत नाही. तोच फोन वर नेला की त्याला एकाच वेळी ढीगभर टॉवर दिसतात, त्यात विमान तासाला पाचशे-सातशे किलोमीटरने पळतंय, म्हणजे एका टॉवरने पकडेपर्यंत दुसरा आला, आणि खाली जे लोक त्याच फ्रीक्वेन्सीवर बोलतायत त्यांच्यात हा खरखर करून ठेवतो. दुसरं कारण पायलटचे हेडफोन. आठवतंय का, पूर्वी टीव्हीजवळ मोबाईल ठेवला की कॉल यायच्या आधी स्पीकरमधनं टर्र टर्र आवाज यायचा? तसला आवाज उतरायच्या वेळी पायलटच्या कानात आला तर चालेल का? कंट्रोल टॉवरचा एक आकडा चुकीचा ऐकू आला तर? म्हणून फ्लाइट मोड, आणि तो पाळायचाच, त्यात माझं काही म्हणणं नाही.

पण यावर उपाय निघाला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. विमानातच एक छोटासा टॉवर बसवायचा, फोन त्याला जोडतो त्यामुळे कमी पॉवरवर चालतो, आणि पुढचं सगळं सॅटेलाइटवरनं. मार्च २००८ मध्ये एमिरेट्सच्या दुबई ते कासाब्लांका विमानात प्रवाशांना असे कॉल करता आले. युरोपनेही त्याच वर्षी परवानगीचे नियम केले. आणि आपल्याकडे? आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरात नियम आले, त्यानुसार तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर नेट आणि कॉल दोन्ही देता येतात. १ जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाने देशातल्या देशात काही विमानांत वायफायही सुरू केलंय. वायफाय आलं म्हणजे व्हॉट्सअॅप कॉल किती लांब राहिला, तुम्हीच सांगा.

म्हणजे 'जमत नाही' हे कारण संपत आलंय. आता उरलो आपण, आपलं वागणं.

चला जरा पूर्व भागात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला हा टॉवेलचा कारखाना. आवाज ऐका. इथं मी शूटिंगला दोन तास उभा होतो, बाहेर आल्यावर चहावाल्याला एक कट सांगितला तर तो म्हणाला ओरडताय कशाला ओ. मला कळलंच नव्हतं मी ओरडतोय. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, त्याला स्वतःला पत्ता लागत नाही, शास्त्रात याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात पण आपल्या यंत्रमागवाल्यांना ते नावाशिवाय माहितेय. गोव्याचं विमान पंख्यांचं आहे, एटीआर, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशा सीट, सगळे मिळून सत्तरेक माणसं, आणि पूर्ण प्रवासभर ती घरघर. त्यात फोन करणारा माणूस हळू बोलेल असं मनापासून वाटतं कुणाला? तो ओरडणारच. वाईट माणूस आहे म्हणून नाही, कानच तसे आहेत आपले.

आणि शेजारच्याचं काय. शेजारी दोघं जण गप्पा मारत असले तर आपल्याला झोप लागते, पण एक जण फोनवर बोलत असला की नाही लागत, हे तुम्ही अनुभवलं असेल. २०१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं, अर्धा संवाद कानावर पडला की लक्ष जास्त विचलित होतं, कारण समोरचा काय बोलला असेल ते डोकं सारखं जुळवत बसतं. "हो... अगं पण... किती? ... नाही म्हणाला?" आता याच्यावर कोण झोपेल! नाही म्हणाला तर कोण नाही म्हणाला, आणि कशाला!

हुतात्मा एक्सप्रेसमधला एक प्रसंग सांगतो, खरं तर त्याच्यामुळेच हा व्हिडिओ करायला घेतला. सकाळची गाडी, डबा भरलेला, कुर्डुवाडी गेली होती. माझ्या समोरच्या रांगेत एक मुलगी, वीस-बावीसची, मांडीवर स्टीलचा डबा, झाकणाला रुमाल बांधलेला. फोन आला. ती फक्त "कधी?" म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. मग "आत्ता कुठे ठेवलंय त्यांना" एवढंच. सगळा डबा गप्प झाला, सगळ्यांना कळलं, आणि तिलाही कळलं की सगळ्यांना कळलंय. ती उठली, डबा सीटवर ठेवला, आणि दाराकडे गेली. दारात वाऱ्यात उभी राहून ती रडली, अर्धा तास तरी असेल, कुणी मागे गेलं नाही, फक्त एका मावशींनी मधेच जाऊन पाण्याची बाटली तिच्या पायाशी ठेवली आणि न बोलता परत आल्या.

रेल्वेत दार असतं. एसटीत पुढच्या स्टँडवर उतरता येतं. विमानात कुठे जाणार? ना फोन करणाऱ्याला आडोसा, ना ऐकणाऱ्याला सुटका. पट्टा बांधलेला, कोपराला कोपर, आणि एखाद्याच्या घरातलं सगळं आपल्या मांडीवर येऊन पडलेलं.

या विषयावर मी बोललो की लोक मला एकच गोष्ट विचारतात आणि ती रास्त आहे. घरी काही झालं तर? मुलगा गल्फला आहे, बाप सिव्हिलमध्ये ॲडमिट आहे, डॉक्टर म्हणतात आता काही खरं नाही, आणि मुलगा विमानात. त्याला शेवटचा आवाज ऐकू द्यायचा नाही का? यावर मी खूप विचार केला, मला याचं सोपं उत्तर मिळालेलं नाही. लांबच्या प्रवासात क्रूला सांगून, मागे त्यांच्या जागेत, पडदा ओढून पाच मिनिटं बोलायची सोय करता येत असेल तर करावी, माझा त्याला अजिबात विरोध नाही. पण त्या एका मुलासाठी म्हणून इतर पावणेदोनशे लोकांना "हा पोचतोच आहे, पोहे टाक" म्हणायची मोकळीक द्यायची, हे काय पटत नाही. आणि सोलापूर-गोवा तर तासाभराचा प्रवास, त्यातला चढायचा-उतरायचा वेळ काढला तर उरतं काय. तेवढ्यासाठी मेसेज पुरतो.

अमेरिकेचं बघा, त्याच दूरसंचार आयोगाने २०१३ मध्ये बंदी उठवायचा प्रस्ताव आणला तर विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या युनियन विरोधात उभ्या राहिल्या, कारण भांडणं सोडवायला शेवटी त्यांनाच जावं लागणार. २०१८ मध्ये तिथल्या संसदेने कायद्यातच घातलं की प्रवाशांच्या मोबाईल कॉलवर बंदीचा नियम करा, आणि २०२० मध्ये आयोगाने तो जुना प्रस्ताव सोडून दिला. मशीन तयार असूनही 'नको' म्हणता येतं, आपल्यालाही येईल. नियम होईल तेव्हा होईल, आपल्याकडच्या विमान कंपन्यांनी तिकिटावरच छापावं, मराठीत, ठळक अक्षरात, की नेट वापरा, बोलू नका.

शेवटचा शॉट गोव्याच्या विमानातला आहे. हे काका तीस वर्षं यंत्रमागावर होते, काकू रांगेच्या पलीकडच्या सीटवर, दोघांना जवळ जागा मिळाली नव्हती. आवाज आहे म्हणून काकांनी तोंड उघडलंच नाही. शेडमध्ये जसं करायचे तसं अंगठा ओठाला लावून विचारलं, पाणी पाहिजे का. काकूंनी तळहात हलवला, नको. मग काकांनी बोटाने खिडकी दाखवली, आणि काकू वाकून बघायला लागल्या.